कॅमेरा कोणापाशी थांबतो? टीव्ही नाट्यातील वांशिक ओळख तपासण्याची एक पद्धत

ब्रिटनमधील ओसीआर या परीक्षा मंडळाच्या माध्यमअभ्यासाच्या पेपरात बरीच वर्षे एक प्रश्न ठरलेला असे. विद्यार्थ्यांनी पूर्वी न पाहिलेला, टीव्ही नाट्यातील चार-पाच मिनिटांचा तुकडा त्यांना चार वेळा दाखवला जाई. त्या तुकड्यात लिंगभाव, वय, वर्ग, प्रादेशिक ओळख, वांशिक ओळख यांपैकी नेमून दिलेली एक गोष्ट कॅमेरा, संकलन (शॉट कापून जोडणे), ध्वनी आणि दृश्यरचना (चौकटीतली माणसे, वस्तू आणि उजेड यांची मांडणी) यांच्या साहाय्याने कशी उभी केली आहे, हे त्यांनी लिहायचे असे. कथानक सांगत बसणाऱ्याच्या हाती त्यात फारसे काही लागत नसे. चार वेळा पाहण्याची ही शिस्त मी पुढे माझ्या वर्गात जशीच्या तशी उचलली, कारण मालिकांविषयी हिरिरीने बोलणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांनी तो प्रसंग एकदाच, आणि तोही जेवता जेवता, पाहिलेला असतो. तीच पद्धत या लेखात मांडतो आहे. उदाहरणे मुख्यतः दोन घेतली आहेत: ‘द वायर’ या अमेरिकी मालिकेचा अगदी पहिला प्रसंग आणि ‘स्मॉल ॲक्स’ या बीबीसीच्या मालिकेतील ‘मँग्रोव्ह’ हा भाग. आपल्याकडचे ‘तमस’ ओघात येईल.

आधी शब्दाचा घोळ

‘वंश’ हा शब्द मराठीत रक्ताकडे आणि कुळाकडे झुकतो, त्यामुळे ‘वांशिक ओळख’ म्हटले की कातडीचा रंग आणि नाकाची ठेवण डोळ्यांपुढे येते. पडद्यावर मात्र ही ओळख म्हणजे एक गाठोडे असते. त्यात रंग आणि केस असतात, तसेच नाव-आडनाव, देव, जेवण, पेहराव, बोली, वस्ती आणि कोणाच्या घरी सोयरीक होऊ शकते हेही बांधलेले असते. भारतात या गाठोड्यात जात, धर्म आणि प्रांत वर येतात, अमेरिकेत गुलामगिरीचा इतिहास वर येतो, ब्रिटनमध्ये वसाहतींतून आलेल्यांचे स्थलांतर. कोणता प्रसंग तपासायचा ते ठरले, की या गाठोड्यातले नेमके काय काय त्या प्रसंगात बाहेर काढले आहे याची नोंद आधी करावी.

येथे एक चूक सर्रास होते. अल्पसंख्य पात्रांनाच तेवढी वांशिक ओळख असते आणि उरलेले सगळे नुसतेच ‘माणूस’ असतात, असे धरून लोक लिहायला बसतात. ‘द वायर’चा २००३ सालचा दुसरा हंगाम या समजुतीवर चांगला उतारा आहे. बाल्टिमोर या अमेरिकी शहराच्या गोदीत काम करणाऱ्या पोलिश वंशाच्या गोऱ्या कामगारांचा तो हंगाम आहे आणि त्यातल्या साऱ्या भांडणाची ठिणगी पडते ती चर्चमधल्या रंगीत काचेच्या खिडकीवरून. गोदी कामगारांच्या संघटनेचा पुढारी फ्रँक सोबोत्का आपल्या लोकांचे चित्र असलेली खिडकी चर्चला देतो. तीच जागा व्हॅलचेक नावाच्या पोलीस अधिकाऱ्याला पोलिसांच्या खिडकीसाठी हवी असते. दोघेही पोलिश, दोघेही त्याच चर्चचे. एका समाजाचा मानपानाचा प्रश्न नेपथ्यातल्या एका वस्तूवर आणून ठेवण्याची ही हातोटी आहे, आणि तिच्यात रंगभेदाचा काहीही संबंध नाही. आपल्या मालिकांतील प्रमाण मराठी बोलणाऱ्या, जातीचा कधीही उल्लेख न होणाऱ्या बंगल्यातल्या कुटुंबालाही अशीच ओळख असते. ती उच्चारली जात नाही एवढेच. देवघर, ताटातली वाढप आणि लग्नातले विधी पाहिले, की कॅमेऱ्याने ती ओळख न बोलता सांगून टाकलेली असते.

पहिल्या वेळी वही मिटून

पहिल्यांदा प्रसंग पाहताना काहीही टिपून घेऊ नये. संपल्यावर तीन वाक्ये लिहावीत: कोणाची बाजू घ्यावीशी वाटली, कोणाचा धसका वाटला आणि कोण लक्षातच राहिले नाही. तिसऱ्या वाक्यासाठी बहुतेकांना प्रसंग पुन्हा पाहावा लागतो, आणि तेच त्या वाक्याचे मोल आहे. ही तीन वाक्ये खोडू नयेत. पुढचे सगळे काम म्हणजे, आपल्याला तसे वाटावे यासाठी पडद्यावर कोणी काय केले, याचा शोध असतो.

दुसऱ्या वेळी आवाज बंद

आता आवाज पूर्ण बंद करावा आणि कागदावर तीन रकाने आखावेत. पहिल्यात चौकटीत कोण आहे ते, दुसऱ्यात तो शॉट किती सेकंद टिकला ते आणि तिसऱ्यात तो कोणाच्या जागेवरून पाहिलेला आहे ते लिहावे. तिसरा रकाना अवघड जातो. सेटवर ज्याला ‘सजेशन’ म्हणतात, म्हणजे एकाच्या खांद्यामागून दुसऱ्याचा चेहरा, त्या शॉटमध्ये आपण कोणाच्या खांद्यामागे उभे आहोत हे लिहावे. जो शॉट कोणाच्याच जागेवरून नाही, त्यापुढे ‘कोणीही नाही’ असे लिहावे. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न या तिसऱ्या रकान्यातच आहे. पात्र चांगले दाखवले की वाईट, हा प्रश्न लोक आधी विचारतात; पण एखाद्या समाजाची माणसे सतत पाहिली जातात आणि स्वतः कधीच पाहत नाहीत, अशा प्रसंगात ती देवमाणसे दाखवली तरी फारसा फरक पडत नाही.

‘द वायर’चा पहिला प्रसंग या पद्धतीने पाहू. २ जून २००२ रोजी एचबीओ या अमेरिकी वाहिनीवर ही मालिका सुरू झाली. तिचा कर्ता डेव्हिड सायमन पूर्वी ‘बाल्टिमोर सन’ या दैनिकात वार्ताहर होता आणि त्याचा सहकारी एड बर्न्स त्याच शहराच्या पोलीस दलात गुप्तहेर होता. पहिल्याच चौकटीत रात्रीच्या डांबरी रस्त्यावर ओघळलेले रक्त दिसते आणि त्यावर पोलिसांच्या गाड्यांचे दिवे लपलपतात. चेहरा नाही, नाव नाही, रंग नाही. मग काडतुसांची टरफले गोळा करणारे हात. त्यानंतर मॅकनल्टी हा गोरा गुप्तहेर आणि खुनाचा साक्षीदार असलेला एक काळा तरुण घरांच्या पायऱ्यांवर शेजारी शेजारी बसून बोलताना दिसतात.

शेजारी शेजारी, हे शब्द वहीत अधोरेखित करावेत. पोलीस आणि काळा तरुण यांची अमेरिकी टीव्हीवरची ठरलेली मांडणी म्हणजे एक उभा आणि दुसरा गाडीच्या बॉनेटवर पालथा, किंवा एक टेबलाच्या अलीकडे आणि दुसरा दिव्याखाली. येथे दोघांचे डोळे एका पातळीवर आहेत, दोघांचा रोख एकाच दिशेला, रस्त्यावरच्या प्रेताकडे आहे, आणि कॅमेराही दोघांच्या उंचीला उतरलेला आहे. संवाद सुरू असताना समोरच्या पायऱ्यांवर बसून हे सारे पाहणारी मुले आपल्याला दिसतात. ती बोलत नाहीत, कथेत त्यांना काम नाही. पण तिसऱ्या रकान्यात त्यांचे नाव येते, कारण ती पाहत असतात. त्यांच्या वस्तीत हे दृश्य नवलाचे नाही, ही गोष्ट एकाही संवादाशिवाय त्या एका शॉटने सांगितलेली आहे.

प्रसंगाचा शेवट आणखी जवळून पाहण्यासारखा आहे. साक्षीदार सांगतो, की मेलेला पोरगा दर शुक्रवारी गल्लीतल्या फाशांच्या डावात खेळायला येई आणि जमलेला पैसा हिसकून पळत असे. मग इतर जण पाठलाग करून त्याला बडवीत. तरी त्याला खेळायला का घेत होता, असे मॅकनल्टी विचारतो तेव्हा उत्तर येते, की घ्यावेच लागते, ही अमेरिका आहे. हे वाक्य गाजले आणि लोक ते पुन्हा पुन्हा उद्धृत करतात. मला मात्र त्यानंतरची चौकट अधिक मोलाची वाटते. कॅमेरा खाली रस्त्याला टेकलेला आहे, पुढे मेलेल्या मुलाचा उघड्या डोळ्यांचा चेहरा आहे आणि ते दोघे मागे, दूर बसलेले आहेत. ज्याच्याविषयी इतका वेळ बोलणे चालले होते आणि जो सुरुवातीला नुसते रक्त होता, त्याला शेवटची चौकट मिळते आणि तीही डोळ्यांसकट. पोलिसी मालिकांतून ‘प्रेत’ ही वस्तू असते. येथे दिग्दर्शक क्लार्क जॉन्सनने ती वस्तू होऊ दिलेली नाही.

लो अँगल (कॅमेरा खालून वर पाहतो तो कोन) म्हणजे सत्ता आणि हाय अँगल (वरून खाली पाहतो तो) म्हणजे लाचारी, हा पाठ केलेला नियम मात्र येथेच टाकून द्यावा. विद्यार्थिदशेत मी एका निबंधात एका प्रसंगातील लो अँगलवर पानभर तत्त्वज्ञान लिहिले होते. आमच्या सरांनी समासात एवढेच लिहिले, की खोली आठ बाय दहाची आहे, कॅमेरा जमिनीवर ठेवला नसता तर कोठे ठेवला असता? कोनाचा अर्थ त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या शॉटशी ताडून पाहिल्याशिवाय लावू नये. रस्त्याला टेकलेला तो कॅमेरा मेलेल्याला ‘सत्ता’ देत नाही, तो त्याच्या पातळीवर जाऊन बसतो, एवढाच त्याचा अर्थ आहे आणि तेवढा पुरेसा आहे.

एक व्यावहारिक सूचना. ‘द वायर’चे पाचही हंगाम जुन्या टीव्हीच्या चार बाय तीन या चौकटीसाठी रचलेले आहेत; २०१४ च्या अखेरीस एचबीओने त्यांची रुंद पडद्याची आवृत्ती काढली. रुंद चौकटीत कडेला जागा वाढते, दोन माणसांमधले अंतर वेगळे भासते, कधी वरखाली काही कापलेही जाते. चौकटीत कोण कडेला ढकलला आहे असे लिहिण्यापूर्वी आपण कोणती आवृत्ती पाहत आहोत ते तपासावे.

तिसऱ्या वेळी कात्री

तिसऱ्यांदा पाहताना आवाज सुरू करावा आणि फक्त कट, म्हणजे एका शॉटवरून दुसऱ्यावर उडी, कोठे पडतो याकडे लक्ष द्यावे. बोलणाऱ्याचे वाक्य संपेपर्यंत संकलक त्याच्यावर राहतो की मध्येच ऐकणाऱ्यावर जातो? एखाद्याच्या वाक्यावर कोणाची प्रतिक्रिया दाखवली जाते आणि कोणाची दाखवली जात नाही? हिंदी-मराठी दैनंदिन मालिकांत एका वाक्यावर घरातल्या सात जणांचे चेहरे ढोलाच्या ठोक्यांवर तीन तीनदा दाखवतात, याची आपण थट्टा करतो. थट्टा पुरे झाल्यावर त्या सात जणांत घरात काम करणारी बाई आहे का, ते मोजावे. ती ट्रे घेऊन त्याच खोलीत उभी असते, सगळे ऐकत असते. प्रतिक्रियेचा कट तिच्यावर पडतो तो बहुधा ती चुगली करणार असेल तेव्हाच.

संकलनातून बाजू कशी घेतली जाते याचे उत्तम उदाहरण म्हणजे ‘मँग्रोव्ह’. स्टीव्ह मॅक्वीनने दिग्दर्शित केलेल्या ‘स्मॉल ॲक्स’ या पाच भागांच्या मालिकेतला हा भाग बीबीसीवर २०२० च्या नोव्हेंबरात दाखवला गेला. त्यामागची हकिकत खरी आहे. त्रिनिदादहून आलेल्या फ्रँक क्रिचलोने १९६८ साली लंडनच्या नॉटिंग हिल भागात मँग्रोव्ह नावाचे उपाहारगृह काढले. जानेवारी १९६९ ते जुलै १९७० या काळात पोलिसांनी तेथे बारा वेळा छापे घातले. ९ ऑगस्ट १९७० रोजी त्याविरुद्ध मोर्चा निघाला, मोर्चात झटापट झाली आणि नऊ जणांवर दंगलीचे खटले भरण्यात आले. १९७१ मध्ये ओल्ड बेली न्यायालयात तो खटला ५५ दिवस चालला. आरोपींपैकी डार्कस हाऊ आणि अल्थिया जोन्स-लकॉइंट यांनी स्वतःची बाजू स्वतः मांडली. दंगलीच्या आरोपातून नऊही जण सुटले आणि दोन्ही बाजूंकडून वांशिक द्वेषाचा पुरावा समोर आला आहे, असे न्यायाधीशांनी नमूद केले.

या भागात एका छाप्यानंतर स्वयंपाकघराच्या फरशीवर पडलेली एक चाळणी दिसते. ती डुलते आहे आणि कॅमेरा हलत नाही. कट पडेल असे प्रेक्षकाला वाटते, तो पडत नाही. चाळणी डुलतच राहते. सेकंद मोजणाऱ्याला येथे पहिल्यांदा आपल्या घड्याळाचा उपयोग कळतो, कारण इतका वेळ एका भांड्यावर थांबणे कोणत्याही संकलकाच्या सवयीत बसत नाही. मारहाणीचे शॉट आपण हजार वेळा पाहिलेले आहेत आणि त्यांत काळे शरीर म्हणजे फक्त मार खाणारे शरीर होऊन बसते. त्याऐवजी एका माणसाने कष्टाने उभ्या केलेल्या स्वयंपाकघराची मोडतोड आपल्याला बघत बसावी लागते. चाळणी हे त्याचे अवजार आहे, त्याच्या बेटावरच्या जेवणाचे आणि त्याच्या पोटापाण्याचे.

निकालाच्या प्रसंगात हेच तंत्र माणसावर वापरले आहे. एरवी न्यायालयाच्या नाटकात निकालाच्या वेळी कात्री धावू लागते: पंचांचा प्रमुख, न्यायाधीश, आरोपी, आरोपीची आई, पोलीस, पुन्हा आरोपी. येथे निकाल वाचला जात असताना कॅमेरा क्रिचलोच्या चेहऱ्यावर राहतो आणि ‘दोषी नाही’ हे शब्द आपण त्या चेहऱ्यावरून ऐकतो. शॉन पार्क्स या नटाला त्यासाठी किती अवघड काम करावे लागले असेल, हा वेगळा विषय आहे. पण निकाल देणाऱ्याचा चेहरा न दाखवण्याचा निर्णय दिग्दर्शक आणि संकलक यांचा आहे. न्याय ही देणाऱ्याच्या हातातली गोष्ट म्हणून न दिसता ज्याला इतकी वर्षे तो नाकारला गेला त्याच्या अंगावर काय उमटते, ते दिसते.

चौथ्या वेळी उंची, उंबरठा आणि उजेड

दृश्यरचनेसाठी चौथी फेरी राखून ठेवावी, कारण वस्तू दिसायला लागल्या की त्या संपतच नाहीत आणि नवशिक्या माणूस वहीत बाजाराची यादी करून बसतो. तीनच गोष्टी पाहाव्यात: कोण कोणापेक्षा उंचावर आहे, कोण दाराच्या आत आहे आणि कोणाच्या चेहऱ्यावर उजेड आहे.

दुसऱ्या प्रश्नासाठी भारतीय टीव्हीसारखी खाण नाही. गोविंद निहलानी यांच्या ‘तमस’मध्ये नत्थू हा मेलेल्या जनावरांची कातडी सोलणारा माणूस आहे, भीष्म साहनी यांच्या कादंबरीवरची ही मालिका दूरदर्शनवर १९८८ साली आली आणि नत्थूचे काम ओम पुरी यांनी केले. ठेकेदार त्याला पाच रुपये देऊन डुक्कर मारायला सांगतो. प्राण्यांच्या डॉक्टरला हवे आहे, असे खोटेच कारण देतो. सुरुवातीचा तो प्रसंग एका कोंदट झोपडीत घडतो. मिणमिणता उजेड, घामाने निथळणारा माणूस, दाद न देणारे जनावर, आणि शब्द जवळजवळ नाहीतच. नत्थूची जात येथे कोणी उच्चारून सांगण्याची गरज उरत नाही. हे काम त्यालाच का सांगितले आणि ते रात्री, दार लावून का करावे लागते, यातच ती आहे. पुढे ते मेलेले डुक्कर मशिदीच्या पायरीवर सापडते आणि शहर पेटते तेव्हा, ठेकेदार सोडला तर, या बंद झोपडीत काय झाले हे ठाऊक असलेले आपण आणि नत्थूच असतो, त्यामुळे दंगलीतल्या साऱ्या घोषणा आपण त्याच्या जागेवरून ऐकतो. तिसऱ्या रकान्यात त्याचे नाव येते, आणि दूरदर्शनच्या काळात ते तसे येणे ही साधी गोष्ट नव्हती.

‘तमस’वर बंदी घालावी यासाठी प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात आणि सर्वोच्च न्यायालयातही गेले होते. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९८८ मध्ये बंदी नाकारली आणि त्यासाठी नागपूर उच्च न्यायालयाच्या, न्यायमूर्ती विवियन बोस यांच्या एका जुन्या निकालातली कसोटी वापरली: परिणाम जोखायचा तो समंजस आणि खंबीर मनाच्या माणसाच्या मापाने, डळमळीत मनाच्या माणसाच्या मापाने नव्हे. आपल्या पद्धतीलाही ही कसोटी लागू आहे, म्हणून तिचा उल्लेख केला. एखाद्या समाजाचे पात्र वाईट वागले म्हणजे चित्रण वाईट, हे डळमळीत मनाचे वाचन आहे.

उजेडाचा प्रश्न तांत्रिक वाटतो, पण तो जुना आणि कडवट आहे. कोडॅक या फिल्म बनवणाऱ्या कंपनीच्या काळात छपाईचे रंग जुळवण्यासाठी प्रयोगशाळांना जे नमुनाचित्र पाठवत त्यात गोरी स्त्री असे. त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. तिची त्वचा बरोबर उमटली म्हणजे फिल्म बरोबर. गडद त्वचेचे बारकावे हरवतात ही तक्रार दीर्घकाळ तशीच राहिली, आणि फिल्म सुधारण्यामागे गडद लाकडाचे फर्निचर व चॉकलेट यांच्या जाहिरातदारांची कुरकुरही होती, असे कंपनीतल्याच जुन्या माणसांनी सांगितलेले आहे. माणसांनी केलेल्या तक्रारीपेक्षा चॉकलेटची तक्रार लवकर ऐकली गेली! अलीकडे ‘इन्सिक्युअर’ या मालिकेची छायाचित्रकार एव्हा बर्कॉफ्स्की हिने गडद त्वचेवर नुसता उजेड ओतण्याऐवजी त्वचेला तकाकी येईल असे मॉइश्चरायझर लावून तिच्यावरून उजेड परावर्तित करण्याची रीत सांगितली आहे. तपासताना एवढेच पाहावे: एकाच चौकटीत गोरा आणि काळा असे दोन चेहरे आहेत तेव्हा उजेड कोणासाठी बेतलेला आहे? काळ्या चेहऱ्यावरचे डोळे, कपाळाची चमक, गालाचा उतार दिसतो की तेथे नुसता काळोखाचा ठिपका आहे? आपल्याकडे याच्या उलट तऱ्हा आहे. नायिका सावळी असल्याची कथा लिहायची आणि गोऱ्या नटीला रंगभूषेने सावळे करायचे. अशा मालिकेत मानेचा, हाताचा आणि चेहऱ्याचा रंग एकमेकांशी जुळतो का, हे पाहिले तरी पुष्कळ कळते.

जेवण, पेहराव आणि घराची सजावट यांच्याबाबत थोडे सबुरीने घ्यावे. इद्रिस एल्बा हा काळा ब्रिटिश नट नायक असलेल्या ‘लूथर’ या बीबीसीच्या मालिकेविषयी २०२१ साली बीबीसीच्याच विविधता विभागाच्या प्रमुखांनी असे म्हटले, की या पोलीस अधिकाऱ्याला एकही काळा मित्र नाही, तो कॅरिबियन पदार्थ खाताना दिसत नाही, त्यामुळे तो खरा वाटत नाही. मित्र नाहीत हा मुद्दा मला पटतो, कारण तो माणसांच्या मांडणीविषयी आहे. पदार्थांचा मुद्दा पटत नाही. कोळ्याच्या घरात सुकट आणि गोव्याच्या ख्रिस्ती घरात फेणीची बाटली ठेवली की ओळख झाली, असे मानणाऱ्या नेपथ्यकाराच्या आणि त्या टीकेच्या विचारात फारसा फरक नाही. वस्तू कोणी हाताळते आहे का, हे पाहावे. हातात न घेतलेली वस्तू ही पाटी असते. मँग्रोव्हमधली चाळणी पाटी नाही, कारण तिने रोज स्वयंपाक केलेला आहे.

डोळे मिटून

वरच्या चार फेऱ्यांखेरीज, शक्य असल्यास, एकदा डोळे मिटून प्रसंग ऐकावा. ‘द वायर’मध्ये प्रसंगाखाली भावना भरणारे पार्श्वसंगीत जवळजवळ नाही, गाड्यांचे भोंगे, वायरलेसची खरखर, कोणाच्या तरी गाडीतून येणारे गाणे एवढेच. त्यामुळे वस्तीतल्या माणसांवर दया किंवा भीती आवाजातून लादली जात नाही. याउलट काळी किंवा मुसलमान वस्ती दिसताच ठरावीक ताल अथवा अजान सुरू करणाऱ्या मालिका ऐकल्या, की संगीतकाराने चौकटीआधीच निकाल दिलेला आहे हे कळते.

बोलीचा विचार मराठी प्रेक्षकाला सर्वांत जवळचा. ‘रात्रीस खेळ चाले’ या २०१६ च्या मालिकेत मालवणी बोलणारे नाईक कुटुंब होते. ती किती शुद्ध मालवणी होती यावर कोकणी माणूस रात्रभर वाद घालील. पण तेथे बोली वाड्याच्या मालकाचीही होती, एवढे तरी खरे. इतरत्र नायक-नायिका पुणेरी वळणाचे बोलतात आणि बोली येते ती हवालदाराच्या, मावशींच्या किंवा विनोदी भाच्याच्या तोंडी. कोण बोलीत बोलतो यापेक्षा बोलीत प्रेमाची कबुली कोण देतो, कोण मृत्युपत्र वाचून दाखवतो आणि कोण गणित शिकवतो, हे टिपावे. बोलीतून केवळ हसवले जात असेल तर तिचा मालक पडद्यावर पोरका आहे.

लिहायला बसल्यावर

रकाने भरले म्हणजे लेख झाला नाही. प्रत्येक निरीक्षणाला तीन गोष्टी लागतात: पडद्यावर नेमके काय आहे, ते कोणत्या तंत्राने आहे आणि त्यामुळे आपण कोणाच्या जवळ किंवा कोणापासून दूर जातो. दिग्दर्शकाला असे दाखवायचे होते, हे वाक्य टाळावे. त्याच्या मनात काय होते ते आपल्याला ठाऊक नसते, चौकटीत काय आहे ते ठाऊक असते. एका प्रसंगावरून साऱ्या मालिकेवर निकालही देऊ नये. ‘द वायर’चा पहिला प्रसंग मोठा समंजस आहे म्हणून, काळ्या बाल्टिमोरची गोष्ट सांगणारे मुख्य लेखक गोरे होते ही जुनी टीका खोटी ठरत नाही, दोन्ही गोष्टी एका लेखात मावतात.

नमुन्यादाखल एक परिच्छेद देतो. “निकालाच्या प्रसंगात कॅमेरा क्रिचलोच्या चेहऱ्याजवळ असून निकाल वाचला जात असताना तो तेथून हटत नाही. निकाल सांगणारा आवाज चौकटीबाहेरून येतो. प्रतिक्रियांचे कट टाळल्यामुळे न्यायसंस्थेचे चेहरे प्रेक्षकाला दिसत नाहीत आणि तिच्या उपकारबुद्धीकडे लक्ष जात नाही. आधीच्या छाप्यांत ज्या माणसाकडे पोलीस पाहत होते, त्याच्याकडे आता प्रेक्षक पाहतो, मात्र अगदी जवळून आणि घाई न करता.”

या परिच्छेदात एक उणीव आहे आणि ती मी मुद्दाम ठेवली आहे: शॉट किती सेकंदांचा आहे ते त्यात लिहिलेले नाही. घड्याळ घेऊन प्रसंग पुन्हा लावावा आणि तो आकडा स्वतः भरावा.